अहिराच्या पोटात गाभोळी का सापडत नाही?

गोदाकाठची

आमचं गाव गंगाखेडच्या खाली, गंगेच्या काठावर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, तेव्हा पुढं गंगा आलं की गोदावरी समजा. घर भोयाचं. आजोबा जाळं टाकायचे, मग वडील, आता धाकटा भाऊ थर्माकोलच्या तराफ्यावर बसून टाकतो. मासा आणायचा पुरुषांनी आणि कापायचा-विकायचा बायकांनी, अशी आमच्याकडची वाटणी. आई दहा वर्षांची होती तेव्हापासून विळीवर बसते. आज तिला पासष्ट उलटून गेलीत.

मागच्या आठवड्यात भावाला अहिर सापडला. मनगटाएवढा जाड, पाठ शेवाळी तपकिरी, तिच्यावर काळपट नक्षी, पोट पिवळट. हातात ठरतच नव्हता, म्हणून आईनं चुलीतली राख लावून धरला. डोकं वेगळं केलं, कातडं ओढून काढलं, पोट फाडलं. मी शेजारीच बसले होते. ती सहज बोलून गेली, "ह्याला गाभोळी नसती बघ. कधीच नसती."

मी म्हटलं, नर असेल.

"पन्नास वर्षांत माझ्याकडं सगळे नरच आले का?"

मला उत्तर सुचलं नाही. मृग लागला की मरळ, शिंगाळा, रोहू, कुठलाही मासा फाडा, पोट गाभोळीनं तट्ट फुगलेलं असतं. आईला बोटानं दाबून कळतं कुठला भरलाय ते. एकट्या अहिराचं पोट बारा महिने रिकामं. मग तिनं आत बोट घालून कण्याच्या दोन्ही अंगांनी चिकटलेली एक पांढरट फीत ओढून दाखवली. घड्या पडलेली, परकराच्या झालरीसारखी, पोटाच्या पूर्ण लांबीची. "ही चरबी. ही टाकून द्यायची."

त्यानंतर चार रात्री मी ह्याच एका गोष्टीमागं होते. आणि जे वाचलं ते इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ती झालर म्हणजे चरबी नव्हे, ते अंडाशय आहे. अहिर हा ईल जातीचा मासा, आणि ईलचं अंडाशय असं झालरीसारखंच असतं आणि त्यातली अंडी इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे पहिल्यांदा नीट ओळखलं इटलीतल्या बोलोन्याच्या कार्लो मोंदिनी यांनी, १७७७ साली. त्याआधी दोन हजार वर्षं युरोपातली मोठमोठी माणसं आईसारखीच गाभोळी शोधत होती. अरिस्टॉटलला ती सापडली नाही, म्हणून त्यानं लिहून ठेवलं की हा मासा चिखलातून आपोआप निपजतो. प्लिनीनं लिहिलं की ईल दगडांना अंग घासतात आणि त्या खरवडीतून पिल्लं होतात. आज ऐकून नवल वाटतं, पण ज्यांनी हजार ईल फाडले आणि एकातही अंडं पाहिलं नाही, त्यांनी दुसरं म्हणायचं तरी काय?

मादीचं कोडं सुटलं तरी नराचं अडून बसलं. १८७६ साली त्रिएस्तेच्या बंदरात सिग्मंड फ्रॉइड, तोच पुढं मनोविश्लेषणासाठी गाजलेला, विशीतला विद्यार्थी असताना सुमारे ४०० ईल फाडून त्यांचे वृषण शोधत बसला होता. खात्रीनं काही सांगता आलं नाही. चारशे! आमच्या आईनं आयुष्यात तेवढे अहिर कापले असतील की नाही, कुणास ठाऊक.

पण माझा खरा प्रश्न पुढचा आहे. अंडाशय आहे, मग त्यात दाणा का भरत नाही? तर म्हणे गोड्या पाण्यात तो भरतच नाही. हा मासा अंडी घालायला समुद्रात जातो. आमच्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, थेट आंध्रात. तिथं पोचून आमचा अहिर नेमका कुठं जातो? आईला सांगायचंय. जाणकारांनी सांगा.

---

सिंदफणा

ताई, लई भारी विषय काढलात. पण एक शंका. आमच्या माजलगावच्या तलावात वाम भरपूर निघते, अन् वामची गाभोळी मी स्वतः खाल्लेली आहे. मग गाभोळी नसती असं कसं म्हणायलात?

---

प्राणिशास्त्रवाला

सिंदफणा, तुमचंही खरं आणि त्यांच्या आईचंही खरं. दोन्ही लांबोडके, सापासारखे, म्हणून घोळ होतो. वाम वेगळी, अहिर वेगळा.

वाम हातात घेतली तर पाठीवर सुट्या काट्यांची रांग बोटाला टोचते आणि थुतरी पुढं टोकदार निघालेली असते. ती जन्माला येते गोड्या पाण्यात आणि मरतेही तिथंच. तिची वीण आपल्याच नदीत, तलावात होते, त्यामुळे गाभोळी मिळणारच. अहिराच्या पाठीवर काटा नाही. पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून खाली पोटाकडं एकसंध येतो, आणि खवले इतके बारीक, कातड्यात रुतलेले, की नाहीतच असं वाटतं. हा खरा ईल. शास्त्रात त्याला अँग्विला बेंगालेन्सिस म्हणतात. युरोपातला, अमेरिकेतला, जपानमधला ईल हे त्याचे भाऊबंद, सगळे अँग्विला कुळातले.

---

कर्लीकाठ

आमच्या कोकणात समुद्रातल्या एका माशालाही वामच म्हणतात. तो तिसराच. तो मुळात खाऱ्या पाण्यातला. नावावरून जाऊ नका, इतकंच सांगायचं होतं.

---

सरळमुद्दा

मूळ प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे. ईल अटलांटिक महासागरातल्या सार्गासो समुद्रात अंडी घालतात. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी ते शोधून काढलं. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही असतं. ह्यात अनिश्चित काय राहिलं, ते मला कळलं नाही.

---

प्राणिशास्त्रवाला

सरळमुद्दा, जरा सविस्तर लिहितो, कारण हीच गैरसमजाची जागा आहे. मी वीस वर्षं हा विषय शिकवतो आणि पहिली काही वर्षं मीही वर्गात तुमच्यासारखंच एका वाक्यात सांगून मोकळा होत असे.

आधी श्मिटच्या आधीचं. समुद्रात एक चपटा, पारदर्शक, झाडाच्या पानासारखा जीव सापडायचा. लांबून पाहिलं तर कडुनिंबाचं पान काचेचं केल्यासारखा. तो वेगळाच मासा आहे असं समजून १८५६ साली काउप नावाच्या शास्त्रज्ञानं त्याला स्वतंत्र नावही देऊन टाकलं. पुढं इटलीत ग्रासी आणि कालांद्रुचो यांनी मेसिनाच्या सामुद्रधुनीतून असे जीव आणून टाकीत ठेवले आणि त्यांचं बारक्या ईलमध्ये रूपांतर होताना पाहिलं. १८९६ साली त्यांनी जाहीर केलं की हे पान म्हणजे ईलचं पिल्लू. म्हणजे ईलचं लहानपण समुद्रात जातं, हे पक्कं झालं.

आता श्मिट. १९०४ साली फेरो बेटांच्या पश्चिमेला त्याच्या जाळ्यात असं एक पान आलं, ७७ मिलिमीटरचं. त्याचा विचार अगदी साधा होता. पिल्लू जितकं लहान, तितकी जन्माची जागा जवळ. मग लहानाहून लहान पिल्लाच्या मागावर अटलांटिक पालथा घालत जायचं. मधे पहिलं महायुद्ध झालं, एक जहाज बुडालं, तरी जवळजवळ वीस वर्षं माणूस हटला नाही. व्यापारी जहाजांच्या कप्तानांना जाळी देऊन तो पिल्लं गोळा करवून घेत असे. शेवटी अगदी बारकी, १० मिलिमीटरहून लहान पिल्लं सार्गासो समुद्रात मिळाली आणि १९२२-२३ मध्ये त्यानं आपला निष्कर्ष छापला.

आता नीट बघा. त्याला मिळाली पिल्लं. अंडं मिळालं नाही. अंडी घालणारी मादी मिळाली नाही. आणि ते आजपर्यंत कुणालाच मिळालेलं नाही. सार्गासोत अंडी घालताना ईल कुणी पाहिलेला नाही, तिथल्या पाण्यातून त्याचं एकही अंडं निघालेलं नाही. १९८५ साली श्मिटच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा त्याची जाळी समुद्रभर सारखी पडलेली नव्हती, हेही पुढं आलं. जिथं जाळं टाकलंच नाही तिथं पिल्लू नव्हतं, असं म्हणता येत नाही.

पुरावा वाढलाय, हे मान्य. अमेरिकेच्या ईलला उपग्रहाशी बोलणारी खूण लावून कॅनडाजवळ सोडलं, तर त्यातला एक सार्गासोच्या उत्तर कडेपर्यंत गेल्याचं २०१५ साली दिसलं. युरोपच्या ईलच्या माद्या अझोर्स बेटांपासून अशाच सोडल्या. त्यातल्या काही सार्गासोच्या हद्दीत पोचल्या, हे २०२२ साली प्रसिद्ध झालं. श्मिटनंतर शंभर वर्षांनी! पण पोचल्या म्हणजे अंडी कुठं घातली ते दिसलं, असं होत नाही. तो समुद्र आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या कित्येक पट मोठा आहे. किनारा नसलेला समुद्र, चारी बाजूंनी नुसते प्रवाह. त्यात नेमकी कुठली जागा, किती खोलीवर, कशाच्या खुणेनं? २०२० साली काही संशोधकांनी तर असंही मांडलं की विणीची जागा आणखी पूर्वेला, अटलांटिकच्या मधोमध जी पाण्याखालची डोंगररांग आहे तिच्या आसपास असू शकते. ते बरोबर ठरेल की नाही, तो पुढचा भाग. पण अभ्यासक असा प्रश्न आजही मांडू शकतात, म्हणजे तो मिटलेला नाही.

आणि हे सगळं अटलांटिकच्या ईलचं. गंगाखेडच्या अहिराचा सार्गासोशी काडीचा संबंध नाही.

---

गोदाकाठची

सर, शेवटचं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला. मी आईला कालच सांगून बसले होते की आपला अहिर अमेरिकेजवळ जातो म्हणून. आता पुन्हा सांगावं लागेल.

मग आपला कुठं जातो?

---

प्राणिशास्त्रवाला

आपल्या अहिराची विणीची जागा माहीत नाही. हिंदी महासागरात कुठंतरी, इतकंच म्हणता येतं. १९२८ ते १९३० ह्या काळात डेन्मार्कचं 'डाना' जहाज पृथ्वीप्रदक्षिणेवर निघालं होतं, त्याला सुमात्राच्या पश्चिमेच्या खोल समुद्रात ईलची पिल्लं मिळाली. आपल्याकडं अहिराचा एक चुलतभाऊ आहे, अंगावर नक्षी नसलेला, अँग्विला बायकलर. सुमात्राजवळची विणीची जागा मुख्यतः त्याच्या पिल्लांवरून सांगितली जाते. महासागराच्या दुसऱ्या टोकाला, मादागास्करच्या पूर्वेला आणखी एक जागा असावी असा अंदाज आहे. पण ह्या पानासारख्या पिल्लांत कुठली कुठल्या जातीची हे डोळ्यांनी सांगणं फार अवघड. पूर्वी मणके मोजायचे, आता जनुकं तपासतात. अहिराची आई कुठल्या पाण्यात जाते ह्यावर बोट ठेवता येईल असा नकाशा तयार नाही.

---

सरळमुद्दा

माझं विधान मागं घेतो. पण मग एक सांगा, कुठल्याच ईलचं अंडं कुणाला मिळालेलं नाही का? इतकी जहाजं, इतकी यंत्रं, आणि एक अंडं मिळू नये?

---

प्राणिशास्त्रवाला

मिळालं. जपानी ईलचं. आणि ती हकीकत मला श्मिटपेक्षाही आवडते.

कात्सुमी त्सुकामोतो आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं 'हाकुहो मारू' जहाजातून प्रशांत महासागरात फिरत होते. १९९१ साली त्यांना मारियाना बेटांच्या पश्चिमेला अगदी लहान पिल्लं मिळाली. तिथंच श्मिटनं जिथवर मजल मारली तिथवर ते आले. पण ते थांबले नाहीत. पिल्लांच्या कानातल्या खड्यावरची रोजची वलयं मोजून जन्माची तारीख काढली, तर ती अमावस्येच्या आसपास येत होती. मग काय, महिन्याचे बाकीचे दिवस सोडून अमावस्येच्या तोंडावरच जाळी टाकायला लागले. २००५ साली नुकतंच फुटलेलं पिल्लू, २००८ साली त्या पाण्यातली वयात आलेली मोठी मासळी, आणि मे २००९ मध्ये, अमावस्या दोन-तीन दिवसांवर आली असताना, ३१ अंडी. महासागरातून आणलेली, रानातल्या ईलची, माणसाच्या हाती आलेली पहिली अंडी.

आता अंडं मिळणं अवघड का, ते बघा. आकार १.६ मिलिमीटर, मोहरीएवढं. वर पारदर्शक. दीडेक दिवसात फुटून त्याचं पिल्लू होतं. म्हणजे महासागरात मोहरीएवढा काचेचा मणी शोधायचा आणि तोही त्या दीड दिवसात. प्रश्न कष्टाचा नाही, वेळेचा आहे.

---

नाथसागर

मी पैठणकडचा. अमावस्येचं वाचलं अन् अंगावर काटा आला. आमचे आजोबा म्हणायचे, अहिर धरायचा तर अंधाऱ्या पक्षात, पाण्याला गढूळ लोंढा आला की. चांदण्यात तो दगडाच्या कपारीतून बाहेरच येत नाही. आम्हाला वाटायचं जुन्या माणसाचं काहीतरी. लोंढ्यात अन् अंधारात तो खाली निघालेला असतो, असं आता वाटायलंय. बरोबर का सर?

---

प्राणिशास्त्रवाला

इतर ईलबद्दल हे नीट नोंदलेलं आहे. पूर आणि अंधार हीच त्यांची निघायची वेळ. निघण्याआधी त्यांचं रूपच पालटतं. पिवळं पोट चांदीसारखं होतं, पाठ काळी पडते, डोळे मोठे होतात, आतडं आटतं. खाणं कायमचं बंद. अंगात साठवलेल्या चरबीवर हजारो किलोमीटर पोहायचं, दिवसा खोल अंधारात बुडायचं, रात्री वर यायचं, जाऊन एकदाच वीण करायची आणि मरायचं. परत कुणी येत नाही. अंडाशय भरतं ते ह्या वाटेवर. म्हणून गावच्या विळीवर भरलेली गाभोळी कधीच येणार नाही.

तुमच्या आजोबांचं निरीक्षण मोलाचं आहे. त्यांनी आणखी काही सांगितलं असेल तर लिहून काढा.

---

बारव

आमच्या शेतातल्या विहिरीत एक अहिर होता. आमच्याकडं विहिरीत कासव नाहीतर मासा सोडायची पद्धत आहे, पाणी चांगलं राहतं म्हणून. चुलत्यानं लहानपणी नदीतून आणून सोडलेला. माझं लग्न झालं तेव्हाही तो होता. मोट गेली, इंजिन आलं, मोटार आली, तो आपला त्याच कपारीत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पायऱ्यांवरून डोकं दिसायचं. २०१६ च्या दुष्काळात विहीर पार तळाला गेली, तेव्हा चुलत्यानं टँकरच्या पाण्यातली एक घागर रोज त्याच्या डबक्यात ओतली. घरात प्यायला पाणी नसताना. बायका बोलल्या, पण त्यानं ऐकलं नाही. पाऊस लागायच्या आठ दिवस आधी तो मेला.

हा धागा वाचल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. तो इतकी वर्षं तिथं कशाची वाट पाहत होता?

---

गोदाकाठची

बारव दादा, तुमच्या चुलत्यांना माझा नमस्कार सांगा.

स्वीडनमध्ये ब्रांतेविक नावाच्या गावी अशीच एक विहीर आहे. तिथंही विहिरीत ईल सोडायची जुनी चाल होती, किडे-अळ्या खाऊन पाणी साफ ठेवावं म्हणून. त्या विहिरीतला ईल १८५९ साली एका मुलानं सोडला होता असं सांगतात. तो २०१४ साली मेला. सांगतात ते खरं धरलं तर १५५ वर्षं. अंधारात राहून त्याचे डोळे फार मोठे झाले होते म्हणे. समुद्राची वाट मिळाली नाही की ईल वयात येण्याचं पुढं ढकलत राहतो, वर्षामागून वर्षं. तुमचा विहिरीतला अहिर तसाच थांबला असेल. मराठवाडा आणि स्वीडन, दोन्हीकडं माणसाच्या डोक्यात तोच विचार आला, विहिरीत हा मासा सोडावा. मला ह्याचं फार अप्रूप वाटलं.

---

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माशातलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं, म्हणून लिहितो.

गंगाखेडहून समुद्राकडं निघालेल्या माशाला काय काय ओलांडावं लागतं, ते मी काल कागदावर मांडून बघितलं. आधी दिग्रसचा बंधारा. मग नांदेडला विष्णुपुरी. मग धर्माबादजवळ बाभळी. लगेच तेलंगणात पोचमपाडचं श्रीरामसागर. पुढं मेडीगड्डाचा बंधारा. सगळ्यात शेवटी राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम, जिथं आर्थर कॉटन यांनी १८५२ साली पहिला बंधारा पुरा केला. म्हणजे समुद्राचं दार पावणेदोनशे वर्षांपासून अडलेलंच आहे.

ह्यात एक बाभळीचं वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळं त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. दोन राज्यांच्या पाणीवाटपासाठी हे झालं, माशाचा विचार त्यात कुणी केला नव्हता. पण पावसाळाभर तेवढी एक वाट मोकळी असते. बाकी बहुतेक ठिकाणी पूर आला तरच दरवाजे उचलतात. खाली जाणारा मासा पुरात सांडव्यावरून जाईल एकवेळ. वर येणारं बारकं पिल्लू कसं येत असेल, हे मला उमगत नाही.

---

प्राणिशास्त्रवाला

पाटकरी साहेब, तुमचा कागद मला पाठवा, वर्गात लावतो.

बारकी ईल ओल्या भिंतीवर चढतात. शेवाळ असलं, पाणी झिरपत असलं की अंग चिकटवून सरकत वर येतात. जुन्या दगडी बंधाऱ्यावर हे जमतं. काँक्रीटच्या उंच धरणावर नाही. म्हणून परदेशात धरणाला ईलसाठी वेगळी उतरंड करतात, आत ब्रशसारखे दाते बसवून. युरोपात १९८०च्या दशकापासून किनाऱ्याला येणारी पिल्लं नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आणि त्या ईलची गणना आता अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. धरणं हे त्यातलं एक कारण. शिवाय शेतीसारखं ईलपालन जे चालतं, तेही समुद्रावरून येणारी पिल्लं धरूनच. जपानात २०१० साली अंड्यापासून अंड्यापर्यंतचा पूर्ण फेरा प्रयोगशाळेत घडवला गेला, पण पालनाचा भार आजही रानातल्या पिल्लांवरच आहे.

---

नाथसागर

मग माझा प्रश्न असा. जायकवाडी १९७६ ला झालं. दहा किलोमीटर लांब भिंत, तिला कुठली उतरंड नाही. अन् तरी भिंतीच्या वर, नाथसागरात, माझ्या मावसभावानं दोन वर्षांखाली अहिर धरलाय. तो धरणाच्या आधीचा म्हातारा म्हणायचा की नंतर कुठून आला?

---

गोदाकाठची

नाथसागर भाऊ, हाच प्रश्न मलाही पडलाय. पोचमपाडचं धरण आईच्या लग्नाच्या आधीचं. आमच्याकडं आज जे अहिर मिळतात ते सगळे त्याच्या आधी वर आलेले असतील, तर हे शेवटचेच आहेत. आणि नंतर आलेले असतील, तर अजून कुठंतरी वाट उघडी आहे. फार फरक आहे दोन्हीत.

सर, त्या जपान्यांनी कानातल्या खड्यावरून जन्मदिवस काढला म्हणालात. आपल्या अहिराच्या कानातल्या खड्यावरून वय निघेल का?

---

प्राणिशास्त्रवाला

निघेल. मला आधी सुचायला हवं होतं.

माशाच्या डोक्यात, मेंदूच्या मागं-खाली, दोन्ही बाजूंना चुन्याचा एकेक खडा असतो. त्याच्यावर झाडासारखी वलयं चढत जातात. वय सांगता येतं, आणि आणखी एक. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त असतं, नदीत कमी, आणि खडा वाढताना ते आपल्यात साठवतो. खडा घासून मधोमध तपासला तर मासा किती काळ समुद्रात होता आणि कधी गोड्या पाण्यात शिरला, हे वाचता येतं. उष्ण प्रदेशातल्या ईलची वलयं फिकट असतात, वाचणाऱ्याचा हात बसलेला लागतो. पण खडा आधी असायला हवा. खड्यासाठी म्हणून एकही मासा मारू नका. खाण्यासाठी कापलेल्याचं डोकं तेवढं ठेवा.

डोकं उभं मधोमध चिरा, कवटी उघडा, मेंदू चिमट्यानं बाजूला करा. खडा बाजरीच्या दाण्याएवढा, पांढरा. साध्या पाण्यात धुवा, वाळवा, कोरड्या डबीत ठेवा. स्पिरिटमध्ये किंवा फॉर्मलिनमध्ये टाकू नका, फॉर्मलिन खडा खाऊन टाकतं. सोबत चिठ्ठी हवी. तारीख, जागा, लांबी, पोटाचा रंग, डोळा लहान की मोठा.

---

सिंदफणा

आमच्याकडं सापडला तर मी पण ठेवतो. चिठ्ठीत तिथी लिहिली तर चालंल का? आमच्या बाजारात तिथीवर चालतं.

---

प्राणिशास्त्रवाला

तिथी तर आवर्जून लिहा.

---

गोदाकाठची

आज सकाळी भाऊ पुन्हा एक अहिर घेऊन आला. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं, म्हणून कापावाच लागला. मी शिवणाचा टेप लावून मोजला, ७४ सेंटिमीटर. पोट पिवळं, डोळा बारका. म्हणजे निघायची वेळ आलेली नव्हती.

आईला सगळं सांगितलं. झालर म्हणजे अंडाशय, हे तिला लगेच पटलं. "म्हणजे मी पोरी कापत होते," एवढंच म्हणाली आणि थोडा वेळ काही बोलली नाही. मग अंडी कुठं घालतात ते अजून नेमकं कुणाला माहीत नाही, हे सांगितलं तर म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या लोकांना पण नाही?" मी म्हटलं, नाही. तिनं मान हलवली आणि डोकं माझ्याकडं सरकवलं.

विळीवर जमेना. भावाच्या दाढीच्या पात्यानं चिरलं. पहिला खडा हातातून निसटून मोरीत गेला, फार वाईट वाटलं. दुसरा मिळाला. ओला असताना दुधी दिसत होता, वाळल्यावर पांढरा झाला. आईच्या गोळ्यांची रिकामी डबी होती, तिच्यात कापूस घालून ठेवलाय. चिठ्ठीवर तारीख आणि तिथी, दोन्ही लिहिलंय. सर, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, सोमवारी गंगाखेडला जाणार आहे, तिथून कुरिअर करते.